पगाराच्या दिवशीची शिस्त
जळगावात नुकतीच पहिली नोकरी लागलेल्या तुम्हाला माझे आग्रहाने सांगणे आहे की, पगार खात्यात जमा होताच त्याच दिवशी बचतीची रक्कम बाजूला काढावी आणि उरलेल्यात महिना भागवावा. अखेरीस उरेल ते साठवू म्हटले की हाती काहीच राहत नाही. पीपीएफचे (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे) खाते असल्यास हप्ता ५ तारखेच्या आत भरा, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवरच व्याज मोजले जाते आणि ६ तारखेला भरलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज बुडते. घरभाडे, किराणा लगेच वहीत मांडा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या बहिणींच्या साडीचोळीचा खर्चही ठरलेलाच असतो, म्हणून त्यासाठी बँकेत वर्षभराची आवर्ती ठेव (दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची ठेव) आतापासूनच सुरू करा.