जुन्या लॅपटॉपवर वेबपाने फार सावकाश उघडतात. इंटरनेटचा प्लॅन वाढवावा का?

प्लॅन वाढवू नका. तुमचा लॅपटॉप २०१४ सालचा आहे, त्यात ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे, घरी १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे, आणि तरीही बातम्यांचे साधे पान उघडायला अर्धे-पाऊण मिनिट लागते, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच प्रश्नात तुम्ही हेही सांगता की, त्याच खोलीत आणि त्याच वाय-फायवर तेच पान मोबाइलमध्ये चटकन उघडते. निदानासाठी हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण बाहेरून येणारी लाइन आणि राउटर या दोन्ही गोष्टी त्यामुळे जवळजवळ निर्दोष ठरतात. कनेक्शन देणाऱ्याने सुचवले म्हणून २०० एमबीपीएस घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट असल्याने साधारण १२ एमबी (मेगाबाइट). जाहिराती आणि छायाचित्रांनी भरलेले पान काही एमबींचे असते, त्यामुळे ते घरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. पानासोबत आलेला जावास्क्रिप्टचा कोड वाचणे, तो चालवणे, अक्षरे आणि चित्रे जागच्या जागी मांडणे, हे सगळे तुमच्या प्रोसेसरला आणि रॅमला करावे लागते. शिवाय आजचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग चालणाऱ्या कप्प्यांत, ठेवतात. प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी २०१८ च्या सुरुवातीला उघडकीस आली आणि त्याच वर्षी क्रोमने ही विभागणी अधिक कडक केली. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. विंडोज, तिच्या मागे चालणाऱ्या सेवा आणि अँटिव्हायरस मिळून ४ जीबीपैकी निम्मी जागा सहज घेतात, आणि उरलेल्या जागेत आजच्या वेबवरची सात-आठ पाने मावणे कठीण असते.

तरीही माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः पाहा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि दहा मिनिटे त्याला हात लावू नका, कारण सुरुवातीला विंडोजची स्वतःची बरीच कामे चालू असतात. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’ हा भाग समोर ठेवा आणि रोज उघडता तीच पाने एकेक करून उघडत जा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर चिकटून राहिला, तर गोष्ट वेगळी. मात्र तुमच्यासारख्या लॅपटॉपवर बहुधा दिसते ते असे: मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जाते आणि त्याच सुमारास डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना जाऊन टेकतो. त्या आलेखाखालचा वाचण्या-लिहिण्याचा वेगही पाहा. डिस्क शंभर टक्के कामात असते आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी एवढाच असतो.

हे अनेकांना कोड्यात टाकते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. हा मजकूर लहान लहान तुकड्यांत, डिस्कवर विखुरलेला असतो. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी वाचक-शीर्ष योग्य ठिकाणी सरकणार, मग हवा तो भाग फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबणार. या हिशेबाने सेकंदाला शंभर तुकडेही वाचून होत नाहीत, आणि तुकडे काही केबींचे असल्यामुळे एकूण वेग एमबीच्या आसपासच राहतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने होते. तुमचे अर्धे मिनिट बहुधा या थांबण्यात जात आहे, आणि त्यावर प्लॅनचा काहीही परिणाम होणार नाही.

पैसे खर्च करण्याआधी ब्राउझरची झाडाझडती घ्या. क्रोम आणि एज या दोन्हींमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती मेमरी घेत आहे ते ओळीने दिसते. कधीतरी एखाद्या कामासाठी घातलेली आणि नंतर विसरलेली एक्स्टेन्शन तिथे हमखास सापडतात. ती काढून टाका; खरेदीचे कूपन शोधणारी आणि मुखपृष्ठ बदलणारी तर आधी काढा. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करून ‘मॅक्झिमम’ निवडा. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ची मुदत पाच मिनिटांवर आणा. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन घालणे मला अशा लॅपटॉपवर आवश्यकच वाटते, कारण जाहिरातींसोबत येणारा कोड अनेकदा मूळ लेखापेक्षा जड असतो. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यामुळे तिथे ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ वापरावे लागते. फायरफॉक्समध्ये मूळचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ चालते, आणि एवढ्या एका कारणासाठीही मी जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्स सुचवतो. लॅपटॉपमध्ये दोन अँटिव्हायरस असतील, तर एक काढा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे.

एका लोकप्रिय सल्ल्याला मात्र माझा विरोध आहे. ‘रोज कॅशे साफ करा, वेग वाढेल’ असे सर्रास सांगितले जाते. कॅशेमध्ये आधी पाहिलेल्या पानांची चित्रे आणि कोड साठवलेला असतो, तो पुन्हा मागवावा लागू नये म्हणून. तो रोज पुसला तर प्रत्येक पान रोज नव्याने आणावे लागेल. एखादे पान मोडके दिसत असेल किंवा डिस्क पूर्ण भरली असेल, तरच कॅशे पुसण्यात अर्थ आहे. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला तर जाऊच नका; ते स्वतःच रॅम खातात.

वाय-फायचा संशय उरला असेल, तर राउटरपासून लॅपटॉपला थेट लॅनची केबल जोडून पाहा. तुमच्या वेळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालणारे वाय-फाय कार्ड असे. मोबाइल मात्र ५ गिगाहर्ट्झवर चालत असतो. इमारतीतल्या सगळ्या राउटरांची गर्दी २.४ वरच होते. केबल लावल्यावर पाने लक्षणीय लवकर उघडली, तर यूएसबीला लावायचे दोन्ही पट्ट्यांचे छोटे ॲडॅप्टर पुरेल. फरक पडला नाही, तर हा विषय तिथेच संपवा.

व्हिडिओ अडखळत असतील, तर त्याचे कारण वेगळे असू शकते. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपात पाठवते आणि २०१४ च्या प्रोसेसरांत ते उलगडण्याची पुरेशी स्वतंत्र सोय नाही, त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. ‘एच२६४इफाय’ नावाचे एक्स्टेन्शन घातले की यूट्यूब जुने एच.२६४ स्वरूप पाठवते, जे तुमच्या लॅपटॉपला सहज झेपते. दर्जाही ७२० वर ठेवा. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर त्याहून अधिकाचा फारसा उपयोग नाही. वापरता वापरता पंख्याचा आवाज वाढत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झच्याही खाली घसरलेला दिसत असेल, तर आत धूळ साचून प्रोसेसर तापत आहे असे समजा आणि पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

आता खर्चाचे. एसएसडी बसवणे आणि रॅम वाढवणे, दोन्ही शक्य असेल तर उत्तम, पण एकच करायचे असेल तर माझे मत एसएसडीला आहे. जुने लॅपटॉप दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि या बदलाइतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिलेला नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसेल. २५० जीबीच्या आसपासची पुरते. रॅम घेताना मात्र जपा. २०१४ च्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, आणि तिच्या जागी १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ घेऊन आलात तर लॅपटॉप कदाचित सुरूच होणार नाही. काही मॉडेलमध्ये रॅमची एकच खाच असते, म्हणून मागचे झाकण उघडून किंवा मॉडेल क्रमांकावरून खात्री करूनच दुकानात जा.

त्याआधी एक काम आजच करा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम घेऊन डिस्कची तब्येत पाहा. तिथे निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळे ‘कॉशन’ दिसले, तर डिस्कवरचे काही भाग निकामी होऊ लागले आहेत. संथपणाचे तेही कारण असू शकते. मग वेगाचा विचार बाजूला ठेवून छायाचित्रे, कागदपत्रे आणि मुलांचे प्रकल्प आधी दुसरीकडे उतरवून घ्या. ही गोष्ट मी कळकळीने सांगतो आहे, कारण नवी डिस्क बाजारात मिळते, गेलेली छायाचित्रे मिळत नाहीत.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही. आडमार्गाने ११ बसवता येते, पण ४ जीबी रॅमवर ती चालवण्याचा आग्रह मी करणार नाही. बँकेचे व्यवहार याच लॅपटॉपवर करत असाल, तर एसएसडी बसवताना विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घालण्याचा विचार जरूर करा. पेनड्राइव्हवरून सुरू करून ती आधी पाहता येते. तेवढ्याने तुमच्या डिस्कवरच्या कशालाही धक्का लागत नाही. त्या चाचणीत वाय-फाय, आवाज आणि छपाईयंत्र चालते का ते पाहा, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडून एक परिच्छेद टाइप करून बघा. छपाईयंत्र अडले, तर त्याचे मॉडेल मला कळवा.