मोबाईल जप्त करायच्या आधी हे वाच
भाऊ, तू डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) पहिल्यांदाच डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, होऊन राहिला ना, तर पोरं मोबाईल पाहून राहिले म्हणून लगेच चिडू नको, आधी पाह की त्यांचा नंबर किती वेळानं येते. डी अँड डीत लढाईचा एक राउंड गोष्टीतले फक्त ६ सेकंद, पण टेबलावर ६ जण अन् प्रत्येकाचे ३ मिनिटं धरले तरी फेरी १८ मिनिटांची, तेवढ्यात कोणीही रील उघडते बाप्पा. आमच्या धरमपेठेतल्या रूमवर मी एकदा सगळ्यांचे फोन डब्यात टाकले, तर अर्ध्यांचं कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राच्या माहितीचा तक्ता) फोनमध्येच, स्पेल म्हणजे मंत्रही तिथंच, १० मिनिटांत डबा उघडावा लागला. आता मी एकाची पाळी सुरू झाली की पुढच्याला सांगून टाकतो, "याच्यानंतर तू", एवढ्यानंच मान वर होते. फासे मात्र खरेच ठेव, वीस बाजूंचा फासा घरंगळला की सगळे वाकून पाहतात, ॲपमधला आकडा कोण पाहते? घरून फोन आला तर उचलू दे. अन् तर्री-पोहे ब्रेकमध्येच, माझ्या विझार्डच्या (जादूगार पात्राच्या) शीटवरचा हिट पॉइंटचा, म्हणजे जीव किती उरला त्याचा, रकाना अजून तर्रीनं लाल आहे.