हळदीचं पत्र ईमेलवर कोण वाचणार?

प्रश्न: दादा नमस्कार. आमची वसमत तालुक्यात तीन एकर हळद असते. दोन वर्षं झाले मी आणि जाऊबाई घरचीच हळद दळून अर्धा किलोचे पुडे विकतोय, बरेचसे गिऱ्हाईक पुण्याचे, आपल्याच भागातून नोकरीला गेलेले. इन्स्टावर रील टाकली की लाईक पडतात पण ऑर्डर येत नाही. भाचा म्हणायलाय ब्लॉग लिही, ईमेल न्यूजलेटर काढ. ईमेल आता कोण वाचतंय? आणि मी बारावी शिकलेली, लिहू तरी काय? (एक भगिनी, वसमत)

उत्तर: ताई, भाच्याचं ऐका, फक्त आधी ईमेल आणि मग ब्लॉग.

रील कोण बघतंय ते तुम्हाला माहीत नाही, पण ज्यांच्या नावानं तुम्ही पुडा पॅक केलाय ती माणसं तुमची आहेत. त्यांचे पत्ते तुमच्या कुरिअरच्या वहीत असतील, त्या प्रत्येकाला फोन करा आणि सरळ विचारा, हळदीबद्दल महिन्या-दोन महिन्यानं लिहीन, ईमेलवर पाठवू का? हो म्हणतील त्यांचाच आयडी लिहून घ्या. पन्नास झाले तरी लई झाले. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या पोरांचे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, त्यांना परत गाठायला हातात काहीच नव्हतं. वहीतली यादी अशी जात नाही.

आणि ईमेल कोण वाचतंय म्हणाल तर हिंजवडीत नोकरी करणारा माणूस रोज सकाळी मेलच उघडतो की ओ. गावाकडच्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सअ‍ॅपच बरं, पण तिथं एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च जण बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून पुड्यावर "नंबर सेव्ह करा" असं छापून टाका.

आता लिहायचं काय. तुम्ही रोज जे करताय तेच लिहा ना! जानेवारीपासून काढणी चालू झाली की कंद शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं, मग दळण, यातलं पुण्यातल्या बाईला काही माहीत नसतं आणि तिला ते वाचायचं असतं. यंदा शिजवताना पाऊस आला आणि आठवडा वाया गेला, असं झालं असलं तर तेही लिहा, त्यानं विश्वास बसतो. सगळ्यात मोठं पत्र मार्चच्या शेवटी पाठवा, कारण वर्षाचा मसाला लोक एप्रिल-मे मध्ये करतात आणि तेव्हाच किलोकिलोनं हळद घेतात, दिवाळीत पाठवून एवढा फायदा नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालंय, ते एकदा सांगा, पण पुड्यावर जीआयचा शिक्का टाकायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

पाठवताना सगळ्यांचे आयडी "टू" मध्ये टाकू नका, प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसतात, "टू" च्या खालच्या बीसीसी या रकान्यात टाका, तिथं कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं, तुम्हाला ते पुष्कळ आहे. खाली एक ओळ लिहा, नको असेल तर "नको" एवढंच उत्तर पाठवा, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा. विषयाच्या जागी "ऑफर ऑफर" लिहिण्यापेक्षा "नवी हळद दळायला घेतली" हे लिहिलं तर माणूस उघडतो.

ब्लॉगचं काम वेगळं. फोनवर गिऱ्हाईक जे विचारतं तेच बाकीचे गुगलला विचारायलेत. हळदीचा रंग उडतो का? उडतो, कारण हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमिन उजेडानं खराब होतं, म्हणून काचेच्या बरणीपेक्षा स्टीलचा डबा बरा. भेसळ कशी ओळखावी? ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, पाणी गडद पिवळं झालं तर शंका घ्या. एका प्रश्नाला एक लेख, गुगलच्या ब्लॉगर या साईटवर फुकट होतो, टाईप करायचा कंटाळा आला तर फोनमध्ये मराठीत बोला, तो लिहून घेतो. ब्लॉगवरून ऑर्डर यायला वेळ लागतो बरं का, कधी कधी वर्ष जातं, ईमेलवरून पहिल्याच महिन्यात येऊ शकते, म्हणून तर क्रम उलटा करायला सांगितला.

आणि एक हात जोडून सांगतो, हळदीनं कॅन्सर जातो, शुगर जाते असलं काही लिहू नका. १९५४ च्या कायद्यानं अशा जाहिरातीला मनाई आहे, आणि कुणी ते वाचून गोळ्या बंद केल्या तर?

प्रश्न: लातूरला माझी अभ्यासिका आहे. एक जण दहावी-बारावीच्या हजारो पोरांचे ईमेल आणि नंबर दोन हजारात द्यायलाय. घेऊ का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: अजिबात नको. त्या पोरांनी तुम्हाला विचारलेलं नाही, त्यातले बहुतेक अठराच्या आतले, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लहान मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. शिवाय अनोळखी मेल लोक स्पॅममध्ये ढकलतात, मग तुमचा खरा मेलसुद्धा तिथंच जातो. तेच दोन हजार घाला अभ्यासिकेच्या दारात एका चांगल्या फळ्यावर, आणि खाली वही ठेवा, ज्याला वेळापत्रक ईमेलवर पाहिजे तो पालकांना विचारून त्यांचाच आयडी लिहील.