एसएसएचने लॉगिन होते, पण दूरच्या संगणकावरील प्रोग्रॅमची विंडो माझ्या लॅपटॉपवर का उघडत नाही?

घरच्या उबुंटू लॅपटॉपवरून महाविद्यालयातील लिनक्स संगणकात एसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणाऱ्या आज्ञेने तुमचे लॉगिन होते, मात्र जीएडिट हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम चालवल्यावर 'डिस्प्ले उघडता येत नाही' असा संदेश येतो. आणि कुणाच्या तरी सल्ल्यावरून तुम्ही तिथल्या बॅशआरसी या लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता व ':०' अशी, विंडो कुठल्या पडद्यावर उघडायची ते सांगणाऱ्या डिस्प्ले व्हेरिएबलची किंमत लिहून ठेवली आहे. ती ओळ आधी काढून टाका.

लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स प्रणालीत, म्हणजे १९८७ पासून चालत आलेल्या एक्स११ मध्ये, सर्व्हर म्हणजे तुमच्यासमोरचा, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा संगणक, तर दूरचा प्रोग्रॅम हा क्लायंट असतो. हल्लीचा एक्स सर्व्हर नेटवर्कवरून येणारी थेट जोडणी मुळात स्वीकारतच नाही. त्यात घरचा राउटर मध्ये असतो, त्यामुळे तो पत्ता तिथून गाठताही येत नाही. एसएसएच स्वतःचा बोगदा, म्हणजे आपल्याच जोडणीतून एक्ससाठी वाट, काढून डिस्प्लेची योग्य किंमत स्वतःच भरते, आणि तुमची ओळ नेमकी त्यानंतर चालून ती पुसून टाकते. मी एकदा अशाच ओळीत नुसते ':०' लिहून ठेवले होते. मी घरी वाट पाहत बसलो आणि विंडो उघडली ती कुलूपबंद प्रयोगशाळेतल्या मॉनिटरवर.

आता एसएसएचला मोठ्या लिपीतील एक्सचा पर्याय देऊन पुन्हा लॉगिन करा आणि इको या आज्ञेने डिस्प्लेची किंमत पाहा. 'लोकलहोस्ट:१०.०' असे दिसले तर बोगदा तयार आहे. हा दहा ६००० मध्ये मिळवला की पोर्ट ६०१० येतो, आणि प्रोग्रॅम त्यावरच बोलतो. किंमत रिकामी असेल तर जीएडिटला दोष देण्यात अर्थ नाही. तपशील दाखवणारा लहान व्हीचा पर्याय जोडून लॉगिन केल्यास एक्स११ फॉरवर्डिंगची, म्हणजे या बोगद्याची, विनंती नाकारल्याची ओळ बहुधा दिसेल. त्याची नेहमीची कारणे दोन: एसएसएचडी या जोडणी स्वीकारणाऱ्या तिथल्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग 'येस' नसणे, किंवा त्या संगणकावर एक्सऑथ हा छोटा प्रोग्रॅमच बसवलेला नसणे. पडद्याविना चालणाऱ्या संगणकांवर दुसरे कारण हमखास आढळते. दोन्ही दुरुस्त्या तिथल्या प्रशासकालाच करता येतील.

किंमत बरोबर असूनही विंडो येत नसेल, तर होम डिरेक्टरीचा कोटा तपासा. लॉगिनच्या वेळी एक्सऑथ तिथल्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये एक कुकी, म्हणजे पडदा वापरण्याची परवानगी पटवणारी गुप्त खूण, लिहिते. जागा संपलेली असली की ती लिहिली जात नाही, आणि संदेश मात्र डिस्प्लेचाच येतो. विद्यार्थ्यांच्या खात्यांत हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा निघते.

त्याच सल्ल्यातून लॅपटॉपवर 'एक्सहोस्ट +' ही पडदा सर्वांना खुला करणारी आज्ञा दिली असेल, तर 'एक्सहोस्ट -' देऊन ते आजच मागे घ्या, कारण त्याने पडद्यावरची कुकीची राखण उठते आणि या कामात त्याची गरजही नाही. एवढे करूनही अडल्यास व्हीच्या उत्तरातील एक्स११ चा उल्लेख असलेल्या ओळी इथे चिकटवा.