सातवीतला एक मुलगा रोज माझा तास बिघडवतो, ओरडून काही फरक पडत नाही. काय करू?

पहिलं म्हणजे त्याला वर्गाबाहेर काढणं बंद करा. मी विक्रोळीत अनुदानित शाळेत मराठी शिकवते आणि या एका विषयावर आमच्या सुपरवायझर सरांशी माझं अजून पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडेही असाच एक होता, पार्कसाइटच्या टेकडीवर राहणारा. गणिताला शांत, पीटीला हीरो आणि मराठीला मात्र बेंच वाजव, पुढच्याच्या दप्तराची चेन उघड, मध्येच मांजराचा आवाज काढ. सरांचं औषध ठरलेलं, बाहेर उभा राहा. आणि हा पठ्ठ्या दप्तर घेऊनच बाहेर जायचा! मला तेच खटकलं. मग मी रोज लिहून ठेवायला लागले, गडबडीच्या आधी वर्गात काय चाललं होतं आणि नंतर त्याला काय मिळालं. मी कविता म्हणतेय, गोष्ट सांगतेय तोवर साहेब गप्प. 'आता एकेकाने वाचा' म्हटलं की नंबर सरकत सरकत त्याच्या दोन बेंच अलीकडे आला रे आला की मांजर सुरू. वाचताच येत नव्हतं त्याला, जोडाक्षर आलं की गाडी अडली. चारचौघांत ढ दिसण्यापेक्षा वांड दिसलेलं परवडलं. आणि सर त्याला नेमकं वाचायच्या वेळेला बाहेर पाठवत होते, म्हणजे बक्षीसच की!

मी ओळीने वाचायला लावणं बंद केलं. त्याला चार ओळी आदल्या दिवशी द्यायचे, मधल्या सुट्टीत माझ्यासमोर वाचून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाचायला सांगायचे. आईला सायन हॉस्पिटलला लर्निंग डिसॅबिलिटीची (म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या म्हटलं तर सर म्हणाले, पोराला वेडा ठरवताय का? अहो, सर्टिफिकेट मिळालं तर दहावीला जादा वेळ मिळतो, यात वेडं काय आलं? वर 'आमच्या वेळी दोन फटक्यांत सरळ व्हायची' हे आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, पण स्टाफरूममध्ये ते कोण वाचतंय.

आता तुमचा मुलगाही वाचनालाच घाबरत असेल असं नाही हं. कोणी पहाटे पाणी भरून आलेला असतो, कोणाला कानाने कमी ऐकू येतं, कोणाला घरी मार पडत असतो (तसं वाटलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, स्वतः घरी जाऊन भांडू नका). आणि कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, पटावर किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे सगळ्यांचं लिहून ठेवणं जमणार नाही, एकाचंच ठेवा.

आणखी एक, बाहेर काढणं थांबवलंत की सुरुवातीला त्रास वाढतो, कारण सुटायची वाट बंद झाली की पोरगं जास्त जोर लावतं. तेव्हा हेडबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या त्याच आठवड्यात राउंडला येतील.