व्हिजिलांटी म्हणजे जागल्या का?

रावेरकडच्या एका मित्राचा प्रश्न आहे. रात्रीची लाइट, मोटर चालू करून बसला केळीच्या मळ्यात आणि मोबाइलवर डब केलेला पिक्चर लावला, त्याच्या माहितीत लिहिलेलं 'व्हिजिलांटी सस्पेन्स थ्रिलर'. तर भो, व्हिजिलांटीला मराठीत काय म्हणता?

पिक्चर मीपण पाहिलाय. हिरो दिवसा हिशेबनीस आणि रात्री गुंड टिपत फिरतो, तीन गोळ्या लागतात तरी सकाळी टाय लावून ऑफिसात हजर, फक्त चहा डाव्या हाताने पितो. काहीच पटत नाही, पण उठवत पण नाही.

शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ साधा पहारेकरी, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'जागं असणं'. अमेरिकेत १८५१ साली सॅन फ्रान्सिस्कोत व्यापारी मंडळींनी दक्षता समिती, म्हणजे 'व्हिजिलन्स कमिटी', काढली आणि कोर्टाला बाजूला ठेवून चार जणांना परस्पर फाशी दिली, १८५६ ला परत तेच, परत चार. म्हणून या शब्दाला पहाऱ्यापेक्षा फासाचाच वास जास्त.

आता जागं राहणारा म्हटलं की आपल्याकडे जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, तयारच आहे. खानदेशात बऱ्याच गावांचे जागले भिल्ल असायचे. चोरी झाली की पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, तिथून पुढे त्या गावच्या जागल्याने माग उचलायचा, आणि माग आपल्याच शिवारात विरला तर भरपाई आपल्या गळ्यात! म्हणजे जागल्याला जाब द्यावा लागायचा. व्हिजिलांटीला कोण विचारतंय? व्युत्पत्ती जुळते, पण माणूस अगदी उलटा. शिवाय पेपरवाल्यांनी जागल्या हा शब्द आता ऑफिसातला घोटाळा बाहेर काढणाऱ्याला देऊन टाकलाय, मला तो तिथे आवडतो, आणि कायम जाब देत आलेल्या माणसाचं नाव या बिनजाबाच्या हिरोला चिकटवणं मला तरी जड जातं.

'दक्षता' वरून काही बनवू नका. भुसावळात रेल्वेवाल्यांच्या घरी व्हिजिलन्स, म्हणजे गैरव्यवहार तपासणारं दक्षता खातं, म्हटलं की लोक आधी कपाटातले कागद आठवतात.

'सूड घेणारा' पण नाही, सूड आपल्या घरचा असतो आणि हा हिरो अख्ख्या शहराचं उसनं भांडण अंगावर घेतो. 'काटा काढला' मध्ये स्वतःचा स्वार्थ आला. 'स्वयंघोषित रक्षक' बातमीत चालेल, तेही झुंडीसाठी, एकट्या हिरोला ते शोभत नाही.

खरं तर मराठीत याचं काम नाम करत नाही, 'परस्पर' हा एक शब्द करतो. पोलिसात न जाता परस्पर निकाल लावला, बस, त्यात कायदा डावलणं आलं आणि कोणाला न विचारणं पण आलं. नामच पाहिजे असेल तर 'परस्पर न्याय करणारा' म्हणा, लांब आहे पण कळतं. पिक्चरच्या माहितीत मी असं लिहीन: गुंडांचा परस्पर निकाल लावणाऱ्या हिशेबनिसाची थरारक गोष्ट.

आणि त्या मित्राला एकच सांगणं, पिक्चरच्या नादात वाफ्यातून पाणी फुटून शेजारच्या बागेत गेलं तर तो शेजारी पण परस्परच निकाल लावेल.