हिपॅटायटिस बीमुळे झालेली लिव्हरची गाठ ऑपरेशनने काढली, तर कॅन्सर परत येतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५८ वर्षांचे आहेत, हिपॅटायटिस बी आहे, लिव्हरमध्ये ४ सेंमीची एकच गाठ आहे आणि सर्जन 'काढता येईल' म्हणालेत. मी लिव्हर सर्जरीच्या विभागात काम करतो. ऑपरेशन झेपणार असेल तर ते जरूर करावं, पण गाठ परत येण्याची शक्यता मोठी असते हेही आधीच माहीत असू द्या. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना ती पुन्हा दिसते. तरीही नीट निवडलेल्या रुग्णांपैकी ५० ते ७० टक्के पाच वर्षांनंतर हयात असतात, कारण परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा उपचार करता येतात.

पहिल्या दोन वर्षांत येते ती बहुधा जुन्याच गाठीच्या पसरलेल्या पेशींची. त्यानंतरची बऱ्याचदा अगदी नवी असते. गाठ निघाली तरी विषाणू आणि त्याने पोखरलेलं लिव्हर पोटातच राहतं ना! हा विषाणू आपल्या डीएनएचा तुकडा पेशीच्या डीएनएत घुसवतो, म्हणून हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटिस सीमध्ये तो बहुतेक वेळा सिरोसिसनंतरच येतो.

म्हणूनच एका गोळीबद्दल मी कळकळीने सांगतो. डिस्चार्ज कार्डवर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर हे विषाणू दाबून ठेवणारं औषध अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीच्या खालीच लिहिलेलं असतं. टाके निघतात, बाकीच्या गोळ्या संपतात, त्यांच्यासोबत हीपण बंद होते आणि घरचे म्हणतात, कोर्स पूर्ण झाला. ही गोळी कोर्सची नाही. तैवानमध्ये ऑपरेशन झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण अशी औषधं घेणाऱ्यांत ४५.६ टक्के, न घेणाऱ्यांत ५४.६ टक्के होतं. मृत्यूंमधला फरक त्याहून मोठा होता: २९ आणि ४२ टक्के. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका.

सर्जनना एक नक्की विचारा: कापल्यानंतर किती लिव्हर उरणार? निरोगी लिव्हरचा पाव भाग उरला तरी बहुतेकांचं भागतं, सिरोसिस असेल तर ४० टक्के तरी लागतं. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील किंवा एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या असतील, तर ट्रान्सप्लांटचंही मत घ्या. ५ सेंमीपर्यंतची एकच गाठ, रक्तवाहिन्यांत न शिरलेली, ट्रान्सप्लांटसाठीच्या, १९९६ पासूनच्या मिलान निकषांत बसते. ट्रान्सप्लांटमध्ये गाठीबरोबर खराब लिव्हरही जातं. विषाणूची औषधं मात्र तेव्हाही लागतात.

नंतर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची खूण शोधणारी रक्तचाचणी). बाबांना बरं वाटतंय म्हणून तारीख पुढे ढकलू नका, लहान गाठ दुखत नाही.

आणि तुमची, आईची, भावंडांची, काका-आत्यांची एचबीएसएजी तपासणी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का, हे दाखवणारी रक्तचाचणी) याच आठवड्यात करा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ज्यांना लागण नाही आणि ज्यांची लस झालेली नाही, त्यांनी तिचे तीन डोस घ्यावेत.